गर्भिणीचा आहार : भीतीचे पारडे आणि पोषणाचे पारडे

(शहागंज येथील महिला सभेतील व्याख्यानाचा मजकूर)



शहागंजच्या टॉवरभोवती सकाळपासून फळांच्या हातगाड्या लागतात. पपई, चिकू, पेरू, डाळिंब, हंगाम असेल तेव्हा पैठणकडची मोसंबी आणि बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ. एखादी गर्भवती सून सासूबाईंबरोबर गाडीपुढे उभी राहते, तिचा हात पपईकडे जातो आणि सासूबाई हळूच म्हणतात, ‘‘ते राहू दे गं.’’ सून निमूटपणे हात मागे घेते. पुढच्याच गाडीवर कलिंगडाच्या लालबुंद फोडी बर्फाच्या लादीवर मांडलेल्या असतात, त्यांच्यावर मीठ-मसाला भुरभुरलेला असतो, शेजारी सुरी धुण्यासाठी एकच बादली असते. त्या फोडींची प्लेट सुनेच्या हाती येते, तेव्हा मात्र कोणाच्याही मनात शंका येत नाही. उष्ण काय, थंड काय याचा विचार पक्का असतो. ते फळ कोणत्या पाण्याने धुतले, याचा विचार सहसा होत नाही.

गर्भारपणातील आहाराविषयी सल्ल्याचा तुटवडा भारतीय घराला कधीच भासला नाही. माहेरची एक यादी असते, सासरची दुसरी, आणि आता भ्रमणध्वनीवर येणारी तिसरी यादी असते. परदेशी राहणाऱ्या लेकी-सुना तिकडच्या दवाखान्यातील पत्रकातून चौथी यादी पाठवतात. या चारही याद्यांचे एका गोष्टीत एकमत दिसते : त्या सर्व ‘काय खाऊ नये’ हे सांगतात. न खाल्ल्याने काय घडते, ते यादीत लिहिलेले नसते. बाजारातला कोणताही तराजू एका पारड्याने तोलत नाही. खाण्यातील जोखीम एका पारड्यात घातली तर न खाण्यातील जोखीम दुसऱ्या पारड्यात घालावीच लागते, आणि गर्भवतीच्या ताटापुरते बोलायचे तर हे दुसरे पारडे बहुतेक वेळा रिकामेच ठेवले जाते.

प्रथम पपईचाच निकाल लावणे योग्य होईल, कारण तिच्यावरचा आरोप सर्वांत जुना आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली हा प्रश्न प्रयोगशाळेत तपासला. गर्भवती उंदरिणींना पिकलेली पपई भरपूर खाऊ घातली, तेव्हा गर्भावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशयाच्या स्नायूत तीव्र आकुंचने निर्माण झाली. याचा अर्थ आजीबाईंचा अनुभव निराधार नव्हता. तो कच्च्या व अर्धकच्च्या फळाविषयी खरा होता आणि पुढे तो पिकलेल्या फळालाही चिकटला. हिरवी, चीक येणारी पपई गर्भवतीने टाळावी. पूर्ण पिकलेली, सालीला पिवळा-केशरी रंग चढलेली पपई घरी आणून, धुऊन, घरच्या सुरीने कापून चार फोडी खाल्ल्या तर त्यात जीवनसत्त्व ‘अ’ची पूर्वद्रव्ये, ‘क’ जीवनसत्त्व आणि चोथा मिळतो. अननसाची कथा अशीच आहे. जेवणात दोन फोडी खाल्ल्याने अपाय होतो असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. तीळ, गूळ, मेथीची भाजी, वांगे यांची ‘उष्ण’ म्हणून जी हकालपट्टी होते तिच्याबद्दल फार वेळ घालवण्याचे कारण नाही. नेहमीच्या जेवणातील प्रमाणात हे पदार्थ गर्भ पाडत नाहीत. उलट तीळ आणि मेथी यांतून ज्या खनिजांची भर पडते, ती या देशातील गर्भवतीला हमखास कमी पडतात.

आता दुसरे पारडे. पुणे जिल्ह्यातील सहा गावांमध्ये १९९० च्या दशकात गर्भवतींच्या पोषणाचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास आज जगभर उद्धृत होतो. शेतात राबणाऱ्या त्या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो. त्या काय खातात याची बारकाईने नोंद ठेवली गेली. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला. एकूण उष्मांक किती पोटात गेले याच्याशी बाळाच्या आकारमानाचा संबंध फारसा दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली याच्याशी. ज्या मातांच्या ताटात पालेभाजी आणि फळे वारंवार होती, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. घरोघरच्या निषेधाच्या याद्यांवर नजर टाकली तर सर्वांत आधी जे पदार्थ बाद होतात ते नेमके याच तीन गटांतले असतात : फळ ‘थंड’ किंवा ‘उष्ण’ म्हणून, पालेभाजी ‘बाधते’ म्हणून, आणि दूध ‘कफ करते’ म्हणून.

याच अभ्यासातील दुसरी गोष्ट शाकाहारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. त्या मातांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात जीवनसत्त्व बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व वनस्पतीत तयार होत नाही. मांसाहार न करणाऱ्या स्त्रीला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते, अन्यथा गोळीतून घ्यावे लागते. कपभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. आईत बी-१२ कमी आणि फॉलिक आम्ल मात्र भरपूर, अशी स्थिती असलेल्या मातांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या शरीरात इन्शुलिनला होणारा विरोध अधिक आढळला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. म्हणजे फॉलिक आम्लाची गोळी नियमाने घेतली आणि दूध सोडले, तर काळजी अर्धीच घेतली असे होते. दुधाची शिसारी येणाऱ्या गर्भवतीने डॉक्टरांना बी-१२ विषयी आपणहून विचारावे.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ देण्यात आला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते; उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे कमी पोषणमूल्याचे पदार्थ. बाळाच्या वजनात एकंदर फरक थोडाच पडला. गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने खाऊ सुरू केलेल्या स्त्रियांत तो सुमारे ४८ ग्रॅम होता. पण गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण जिथे १२.४ टक्के होते, तिथे पालेभाजी-दुधाच्या गटात ते ७.३ टक्के आढळले. रोजच्या एका खाऊने हे घडते, तर वर्षानुवर्षे चालत आलेल्या निषेधांची किंमत किती असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. ‘‘कमी खा, बाळ लहान राहील, बाळंतपण सोपे जाईल’’ हा सल्ला अजूनही काही घरांत दिला जातो. अडीच किलोहून कमी वजनाचे बाळ जन्मताना सोपे जाते हे खरे मानले, तरी त्यानंतर त्याला जगवणे कठीण जाते.

असे असेल तर धोका नाहीच का? धोका आहे, आणि तो मोठा आहे. तो पदार्थाच्या नावात नसून पदार्थाच्या अवस्थेत असतो, आणि या भूभागात त्याचे पहिले नाव पाणी असे आहे.

डिसेंबर १९५५ च्या सुमारास दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पात्रात बदल झाला आणि नजफगड नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या जलकेंद्राच्या तोंडाशी येऊन पोहोचले. अधिकाऱ्यांनी जंतुनाशकांची मात्रा वाढवली, त्यामुळे विषमज्वर वाढला नाही. विषाणू मात्र पार झाला. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. बराच काळ ही नेहमीची ‘ए’ प्रकारची कावीळ समजली जात होती. १९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात तशीच साथ आली. डॉ. महंमद सुलतान खुरू यांनी गावोगाव फिरून नोंदी घेतल्या, तेव्हा त्यांना दिसले की या साथीत गर्भवती स्त्रिया इतरांच्या मानाने कितीतरी अधिक दगावतात. दिल्लीच्या साथीतील जपून ठेवलेले रक्तनमुने १९८० मध्ये पुन्हा तपासले गेले आणि तो ‘ए’ प्रकारही नव्हता, ‘बी’ प्रकारही नव्हता हे स्पष्ट झाले. १९८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मिखाइल बालायान यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आज त्याला हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतात.

महाराष्ट्राला हा विषाणू परका नाही. कोल्हापूर शहरात १९८१ मध्ये पाण्यातून पसरलेल्या काविळीचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केला आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत आलेल्या साथीने हजारो कुटुंबांना ग्रासले. सर्वसाधारण रुग्ण या काविळीतून दोन-चार आठवड्यांत बरा होतो. शंभरात एखादाच दगावतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हेच प्रमाण शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत जाऊ शकते. पपईच्या भीतीने ज्या घरात नऊ महिने पहारा असतो, त्या घराने हा आकडा एकदा शांतपणे वाचावा. चीनमध्ये २०११ साली या विषाणूवरील लसीला मान्यता मिळाली; भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात तिचा समावेश नाही. तेव्हा गर्भवतीचे संरक्षण तिच्या घरातील पातेल्यावर आणि चुलीवर अवलंबून राहते.

छत्रपती संभाजीनगर शहराला जायकवाडीचे पाणी येते. त्याआधी कित्येक पिढ्या हे शहर मलिक अंबरच्या नहरीचे पाणी प्यायले. पाण्याचा उगम शुद्ध असला तरी प्रश्न वाटेत निर्माण होतो. शहराने कित्येक वर्षे चार-चार, आठ-आठ दिवसांआड नळ आलेला पाहिला आहे. नळ बंद असतो तेव्हा जमिनीखालची नळी रिकामी होते, तिच्यातील दाब जातो आणि जिथे सांधा झिजला असेल तिथून आजूबाजूचे सांडपाणी आत ओढले जाते. नळ सुटल्यावर पहिले पाणी हे सारे घेऊन घरात येते. म्हणून पहिली काही मिनिटे पाणी वाहू द्यावे, ते धुण्या-भांड्याला वापरावे, पिण्याचे त्यानंतर भरावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये या शहरातील छावणी परिसरात दूषित पाण्याने हजारो रहिवाशांना जुलाब-उलट्यांचा त्रास झाला, ही आठवण अनेकांना ताजी असेल. जुलाबाने शरीरातील पाणी घटले की गर्भवतीला त्याचा त्रास इतरांपेक्षा लवकर जाणवतो आणि शेवटच्या महिन्यांत वेळेआधी कळा येण्याची भीती असते.

पाणी गाळून आणि उकळून पिण्याची जैन घरांतील रीत येथे खऱ्या अर्थाने उपयोगी ठरते. दोन्ही क्रियांचे काम मात्र वेगवेगळे आहे. बांगलादेशातील खेड्यांत अमेरिकी शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जिवांना चिकटून असतात, ते जीव कापडात अडकतात. काविळीचा विषाणू त्याहून कितीतरी बारीक; कोणतेही कापड त्याला अडवीत नाही. तो उकळण्याने नष्ट होतो. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट ती टिकली पाहिजे. कोमट झाले किंवा बुडबुडे दिसू लागले म्हणजे उकळले असे नव्हे.

याहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे, कारण चूक तिथेच घडते. पिण्याचे पाणी उकळलेले असते, परंतु ताकात मिसळलेले पाणी नळाचे असते. लिंबाच्या सरबतात, चटणी वाटताना, कोशिंबिरीची काकडी धुताना, पेला खळबळताना कच्चे पाणी वापरले जाते. उकळलेल्या पाण्याच्या हंड्यात हात बुडवून पेला भरला जातो; तिथे लांब दांड्याचे ओगराळे असावे. आणि घराबाहेर पडल्यावर तर सारा नियमच सुटतो. पाणीपुरी, रसवंतीतील बर्फ, लग्नकार्यातील थंड पाण्याचे जार, यांपैकी कशावरही पाणी कुठून आले ते लिहिलेले नसते. डोहाळजेवण हा आनंदाचा सोहळा; त्यात उत्सवमूर्तीलाच आग्रहाने मठ्ठा वाढला जातो. त्या दिवशी तिच्यासाठी घरचे पाणी आणि घरचे ताक वेगळे ठेवले, तर कोणाचा मान कमी होत नाही.

दुधाविषयी आता. परदेशी याद्यांत मऊ चीज टाळण्याची सूचना ठळकपणे असते, आणि ती वाचून येथील काही मुलींनी पनीर आणि दही दोन्ही सोडल्याचे दिसते. सूचनेमागील कारण समजले तर असे होणार नाही. लिस्टेरिया नावाचा जीवाणू निरोगी माणसाला क्वचितच त्रास देतो, पण गर्भवतीला साध्या तापाएवढा त्रास देऊन तो वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. १९८५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात एका मऊ चीजमधून त्याची साथ पसरली. १४२ रुग्णांपैकी ९३ गर्भवती माता किंवा नवजात अर्भके होती. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये तयार मांसपदार्थातून हजाराहून अधिक लोकांना लागण झाली, त्यातही नवजात अर्भकांचे प्रमाण फार मोठे होते. या जीवाणूचा विलक्षण गुण असा की तो फ्रीजच्या थंडीतही वाढत राहतो. उष्णतेपुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद ठेवतात तेवढेही त्याला पुरते. घरची उकळी तर त्याहून प्रखर. तेव्हा उकळलेल्या दुधाचे घरी लावलेले ताजे दही, घरी फाडलेले आणि भाजीत शिजवलेले पनीर गर्भवतीने अवश्य खावे. गोठ्यावरचे धारोष्ण दूध ‘ताकदीचे’ म्हणून पाजू नये. त्यातून लिस्टेरियाबरोबर जनावरांपासून येणाऱ्या ब्रुसेला तापाचाही धोका असतो. दूध दिवसातून चार वेळा उकळण्याचीही गरज नाही, त्याने बी-१२ घटते. एक चांगली उकळी आणि झाकण पुरे.

फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस साठवलेली साय हा घराघरातला प्रकार. तिचे लोणी काढून तूप कढवले तर शंका नाही. तेच पांढरे लोणी भाकरीवर घालून गर्भवतीला देणे, किंवा त्याच सायीचे ताक तिला प्यायला देणे, हे वेगळे. फ्रीज अन्न खराब होण्याचा वेग कमी करतो, थांबवत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आणि वासी अन्न न ठेवणाऱ्या घरांना या बाबतीत वेगळे काही शिकवावे लागत नाही. जिथे ती शिस्त सैल झाली आहे, तिथे निदान गर्भवतीपुरती तरी ती पुन्हा घट्ट करावी, कालची भाजी वाफ येईपर्यंत गरम केल्याशिवाय तिच्या पानात वाढू नये.

पालेभाजीचा धोका मातीतून येतो. शेतात, बागेत मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत उतरतो आणि न धुतलेल्या पाल्याबरोबर पोटात जाऊ शकतो. गर्भारपणात प्रथमच लागण झाली तर बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होण्याची शक्यता असते. यावर पालेभाजी बंद करणे हा उपाय नाही, हे पुण्याच्या अभ्यासावरून उघड आहे. निवडून, पाणी बदलून तीन-चार वेळा धुऊन, नीट शिजवलेली मेथी, चुका, राजगिरा, शेपू गर्भवतीला निर्धास्त द्यावी. कच्ची कोथिंबीर आणि कोशिंबीर शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यातून काढावी. लग्नातल्या टेबलावर दोन तास उघडी पडलेली गाजर-मुळ्याची सजावट तिने शोभेपुरतीच ठेवावी. मोड आलेल्या कडधान्यांबद्दल एक नवल सांगण्यासारखे आहे. पौष्टिक म्हणून ती कच्ची खाण्याचा प्रघात वाढला आहे. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. जर्मनीत २०११ मध्ये कच्च्या मोडांतून एका घातक जीवाणूची साथ पसरली, सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक मृत्युमुखी पडले, आणि शोध घेता घेता तपास मेथीच्या दाण्यांपाशी येऊन थांबला. मराठी घरातील उसळ या भीतीपासून मुक्त आहे, कारण ती शिजते.

डोहाळ्यांचा एक प्रकार हसण्यावारी नेला जातो. भाजलेली माती, पाटीवरची पेन्सिल, भिंतीचा चुना खाण्याची अनावर इच्छा बहुधा रक्तातील लोहाच्या कमतरतेची खूण असते. ती इच्छा पुरवू नये आणि तिच्यासाठी मुलीला रागावूही नये, रक्त तपासावे. मातीतून जंत येतात आणि शिसेही येऊ शकते. आईच्या रक्तातील शिसे वार ओलांडून गर्भाच्या मेंदूपर्यंत जाते. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतात बनलेली काही आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गर्भवतींच्या शरीरात शिशाची विषबाधा आढळली होती. आयुर्वेदाविषयी अनादर बाळगण्याचे यात कारण नाही. पण घटक न लिहिलेली पुडी, ‘मुलगा होईल’ असे सांगून दिलेले औषध, शेजारणीने दिलेले भस्म हे गर्भवतीच्या पोटात जाता कामा नये. बांगलादेशात हळदीला चमक यावी म्हणून शिसेयुक्त पिवळा रंग चोळला जात असल्याचे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. हिंगोली-वसमतची हळद हाताशी असलेल्या मराठवाड्याने डोळे दिपवणाऱ्या पिवळ्याधमक हळकुंडांचा मोह धरण्याचे कारण नाही.

राहिला व्रतांचा विषय. चातुर्मास आणि पावसाळा एकाच वेळी येतात. पाणी सर्वांत गढूळ असण्याचे आणि हिरव्या भाजीचा त्याग करण्याचे दिवस तेच. गर्भवतीच्या ताटातून चार महिने पालेभाजी गेली तर तिची जागा रिकामी राहता कामा नये. मूग, मटकी, हरभरा, राजगिऱ्याचे दाणे, तीळ, खारीक आणि दुधाचे प्रमाण वाढवणे हे घरच्यांचे काम. निर्जळ उपवास आणि दीर्घ तपश्चर्या यांविषयी वेगळे मत मांडण्याची आवश्यकता नाही, कारण तीर्थंकर नामकर्माच्या सोळा भावनांत ‘शक्तितस्तप’ असाच शब्द आहे : तप शक्तीनुसार. दोन जिवांचा भार वाहणाऱ्या स्त्रीची शक्ती कुठे खर्च होत आहे, हे गुरुजनांना विचारले तर ते सांगतील. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांनी बेजार झालेल्या, किंवा मधुमेह निघालेल्या गर्भवतीने रात्रीच्या पाण्याचा त्याग करण्यापूर्वी डॉक्टरांशीही बोलावे.

अखेरीस काविळीकडे परत यावे लागते, कारण वेळ तिथेच हातातून जातो. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते नऊ आठवडे जातात, त्यामुळे कोणते पाणी बाधले ते आठवतही नाही. अन्नावरची वासना उडते, मळमळते, थोडा ताप येतो, लघवी गडद पिवळी होते. ‘गर्भारपणात असे होतेच’ म्हणून घर स्वस्थ बसते. सातव्या-आठव्या महिन्यात नव्याने सुरू झालेली उलटी पहिल्या तीन महिन्यांतील उलटीसारखी समजू नये. त्यानंतर डोळे पिवळे दिसले, की कोणीतरी काविळीची माळ आणून देते, कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवतो’. इतर रुग्ण आपोआप बरे होतात म्हणून त्या माळेला यश येते; गर्भवतीच्या बाबतीत त्या तीन-चार दिवसांत यकृत निकामी होऊ शकते. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, आणि जिथे अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी दोन्ही आहेत अशा घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात तिला न्यावे. डोळ्यांचा पांढरा भाग पाहायचा तो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली सुरुवातीचा पिवळेपणा लक्षात येत नाही.